मामा रिटायर झाले आणि व्हॉल्व्ह सापडेना: चालू इमारतीचं डिजिटल मॉडेल विकायचं म्हणजे नेमकं काय विकायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी उभ्या इमारतींचं डिजिटल मॉडेल करून देण्याच्या व्यवसायाबद्दल बोललो. पंधरा मिनिटांत जेवढं मावलं तेवढं सांगितलं, पण हिशोब आणि चुका राहूनच गेल्या. त्या इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, मधे एक कोटेशन मांडणार आहे.

व्हिडिओ मी मस्तगडापासून सुरू केला, त्याला कारण होतं. आपल्या जालन्यातली ही गढी १७२५ साली आसफजाह निजामाच्या हुकमावरून काबिल खानानं बांधली. चौकोनी बांधणी, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज, आत मोठी विहीर आणि विहिरीला लागून सज्जे अन् खोल्या. बांधली ती संरक्षणासाठी, आणि पुढे तिच्यात नगरपालिकेची कार्यालयं भरली. बुरूज चढवणाऱ्या गवंड्याला कुठं ठाऊक होतं, की इथे एक दिवस अर्ज घेऊन लोक रांगेत उभे राहतील?

इमारतीचं असंच असतं. बांधायला दोन वर्षं, वापरायला पन्नास वर्षं. मधल्या काळात कोणी भिंत पाडतो, कोणी संडास वाढवतो, कोणी एसीसाठी वायर ओढतो, कोणी जुनी पाइपलाइन तशीच ठेवून शेजारून नवी टाकतो. नकाशा मात्र पहिल्या दिवशीचाच. तोही बहुतेक ठिकाणी सापडत नाही, आणि सापडला तर इमारतीशी जुळत नाही. मग खरी इमारत कुणाच्या डोक्यात असते? तिथल्या जुन्या माणसाच्या. प्रत्येक दवाखान्यात, शाळेत, मिलमध्ये एक मामा असतात. कोणता स्विच कशाचा, पाणी कुठून बंद होतं, कोणत्या खोलीत पावसाळ्यात गळतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मामा आहेत तोवर सगळं सुरळीत. मामा रिटायर झाले की इमारत आंधळी होते.

आपला धंदा तिथे सुरू होतो.

आधी शब्द समजून घेऊ. या विषयाला जगभर 'बिम' म्हणतात, बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. लोक मॉडेल हा शब्द पकडतात आणि कॉम्प्युटरवर गोल फिरणारं रंगीत चित्र डोळ्यांसमोर आणतात. यातला वजनदार शब्द आहे इन्फर्मेशन. चित्रातल्या दरवाजावर क्लिक केलं की तो कोणत्या कंपनीचा, कधी बसवला, आगीत किती वेळ टिकतो, बिजागरी शेवटची कधी बदलली, हे समोर आलं तर ते बिम. नाहीतर ते नुसतं चित्र.

आता म्हणाल, सर, हे मुंबई-पुण्याचे चोचले. तर आपल्या समृद्धी महामार्गाच्या टोकाला जाऊ. ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात पंतप्रधानांनी समृद्धीच्या नागपूर-शिर्डी टप्प्याचं उद्घाटन केलं, आणि त्याच दिवशी नागपूर मेट्रोचा पहिला टप्पाही देशाला अर्पण झाला. ती मेट्रो महामेट्रोनं पाच-मितीय बिम वापरून उभी केली. लांबी, रुंदी, उंची या तीन मिती, चौथी वेळ, पाचवी खर्च. यात आपल्या कामाचा मुद्दा असा, की वस्तूंना क्रमांक देऊन त्यांची माहिती बांधकामापासूनच गोळा करायची आणि तीच पुढे मेट्रो चालवणाऱ्यांच्या हातात द्यायची, हा विचार तिथे सुरुवातीला झाला. बांधणारा निघून गेला तरी माहिती मागे राहिली पाहिजे.

पण ती नवी बांधणी होती. जुन्या, उभ्या इमारतीचं काय? त्यासाठी एकच परदेशी उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियातलं सिडनी ऑपेरा हाऊस १९७३ साली खुलं झालं. तेव्हा बिम हा शब्दही चलनात नव्हता. तिथली देखभाल मॉडेलवर आणता येईल का, याचा अभ्यास प्रसिद्ध झाला २००७ मध्ये. म्हणजे इमारत चौतीस वर्षांची झाल्यावर! तिथलंही दुखणं आपल्यासारखंच होतं: नकाशे एकीकडे, देखभालीच्या नोंदी दुसरीकडे, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. तेव्हा आपल्या गिऱ्हाइकाची इमारत पंधरा-वीस वर्षांची असेल तर उशीर झाला असं मुळीच समजू नका.

पैशाचा एक आकडाही लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेनं २००४ साली अहवाल काढला. इमारतींची माहिती एका माणसाकडून दुसऱ्याकडे नीट जात नाही, म्हणून तिथे वर्षाला सुमारे १५.८ अब्ज डॉलर वाया जातात, असा त्यांचा अंदाज होता. त्यातला दोन-तृतीयांश बोजा पडत होता इमारतीच्या मालकांवर आणि ती चालवणाऱ्यांवर. म्हणजे आपलं गिऱ्हाईक बिल्डर नाही. इमारत ज्याच्या गळ्यात आहे, तो आपलं गिऱ्हाईक.

आता ती गोष्ट, जी व्हिडिओत घाईत सांगितली.

आपल्या एका बॅचमध्ये सिव्हिल डिप्लोमा झालेली मुलगी होती. तिच्या मावसभावाला कॉम्प्युटरची आवड. दोघांनी मिळून हे काम सुरू केलं आणि पहिलीच ऑर्डर जिल्ह्यातल्या एका खासगी दवाखान्याची मिळाली. दोन मजले, वीस खाटा. पोरांनी जीव तोडून मॉडेल केलं. खाटांवरच्या चादरीला सुद्धा रंग दिला! डॉक्टरसाहेबांनी ते टीव्हीवर लावून स्टाफला दाखवलं, टाळ्या पडल्या, चेक मिळाला. मी पण क्लासमध्ये त्यांचं कौतुक केलं.

आठ महिन्यांनी रात्री एक वाजता पोरीला फोन. वरच्या मजल्यावरची पाण्याची लाइन फुटली होती आणि पाणी थेट खालच्या एक्स-रे रूममध्ये टपकत होतं. "ताई, तुमच्या त्या मॉडेलमध्ये बघा ना, पाणी कुठून बंद होतं?" तिनं लॅपटॉप उघडला. मॉडेलमध्ये पाइप होता. निळ्या रंगाचा, सुंदर. व्हॉल्व्ह नव्हता. पाइप वरून दिसला म्हणून काढला होता. व्हॉल्व्ह कुठे हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यातही मधल्या काळात दवाखान्यानं एक पार्टिशन हलवून स्टोअर रूम केली होती, ती मॉडेलमध्ये कुठून असणार?

शेवटी कुणीतरी जुन्या मामांना त्यांच्या गावी फोन लावला. मामा झोपेतून उठून एवढंच बोलले, "जिन्याखालच्या खोलीत लोखंडी कपाट हाय, ते सरकवा. त्याच्या मागं कॉक हाय." दोन मिनिटांत पाणी बंद झालं. तोवर एक्स-रे मशीनचा कंट्रोल पॅनेल भिजून गेला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोरीला विचारलं, "मग मी पैसे कशाचे दिले?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं, कारण शिकवलं मीच होतं. मी सॉफ्टवेअर शिकवलं, प्रेझेंटेशन शिकवलं, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते शिकवलं. रात्री एक वाजता इमारतीला काय लागतं, हे शिकवलं नव्हतं.

पोरगी मात्र खमकी निघाली. तिनं डॉक्टरांकडे पंधरा दिवस मागितले, फुकटात. पहिलं काम काय केलं असेल? मामांना गावाहून बोलावलं. येण्या-जाण्याचं भाडं, दोन दिवसांची हजेरी आणि जेवण स्वतःच्या खिशातून दिलं. मामा पुढे, ती मागे, भाऊ मोबाइलवर रेकॉर्डिंग करतोय. गच्चीच्या टाकीपासून रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत. मामा हात लावून सांगत गेले: हा कॉक बंद केला की वरचे संडास बंद, पण डायलिसिसचं पाणी चालू राहतं. हा बोर्ड जनरेटरवर आहे, हा नाही. इथली फरशी पोकळ वाजते, खाली जुना हौद आहे. दोन दिवसांत शंभरावर नोंदी झाल्या. चादरीचा रंग मॉडेलमधून काढून टाकला.

आज तो दवाखाना तिचा वार्षिक करारावरचा ग्राहक आहे. मामांची माहिती आता चार जणांच्या मोबाइलमध्ये आहे.

मापं घेण्याआधी मालकाला काय विचारायचं

सॉफ्टवेअर उघडण्याआधी मालकासमोर बसा आणि विचारा: गेल्या दोन वर्षांत इमारतीमुळे काम कधी थांबलं? कशामुळे? तेव्हा काय शोधायला वेळ लागला? तीन-चार प्रसंग तो सांगेलच. तुमचं मॉडेल त्या प्रसंगांची उत्तरं देणारं हवं, बाकी सगळं नंतर. शाळेचा संस्थाचालक गळतीबद्दल बोलेल, रोलिंग मिलवाला पॅनेल आणि केबलबद्दल, बियाण्यांचं शीतगृह चालवणारा कॉम्प्रेसर आणि दरवाजांच्या सीलबद्दल, मंगल कार्यालयवाला पाण्याची टाकी आणि लोडबद्दल. जालन्यात स्टील आणि बियाणं हे दोन मोठे धंदे आपल्या दाराशी आहेत, पण पहिली ऑर्डर तिथे शोधू नका. मोठ्या मिलमध्ये तुमची चूक महाग पडेल. मध्यम दवाखाना, शाळा, लॉज, पंधरा-वीस फ्लॅटची सोसायटी, इथून सुरू करा.

प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूची एक ओळ बनवायची. क्रमांक, जागा, कशासाठी आहे, कोणत्या कंपनीची, कधी बसवली, वॉरंटी कधी संपते, शेवटची सर्व्हिस कधी, बंद कुठून होते, आणि बिघडली तर कुणाला फोन करायचा. ही यादी साध्या एक्सेलमध्ये बनते. अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांकडे या यादीचं एक प्रमाणित रूप २००७ च्या सुमारास तयार झालं, त्याला 'कोबी' म्हणतात. भाजीशी संबंध नाही! मोठ्या कंपनीनं 'कोबी शीट द्या' म्हटलं तर घाबरू नका. इमारत, मजला, खोली, वस्तू, तिचा प्रकार, अशा ओळींचं ते एक्सेलच आहे.

मग वस्तूवर क्यूआर स्टिकर लावायचं. स्कॅन केलं की ती ओळ उघडते. नाइट ड्यूटीची सिस्टर रात्री लॅपटॉप उघडून मॉडेल फिरवत बसणार नाही, ती स्टिकर स्कॅन करेल. आणि एक छापील कागद, हो, साधा लॅमिनेशन केलेला कागद, रिसेप्शनच्या मागे लावाच: पाणी कुठून बंद, वीज कुठून बंद, ऑक्सिजन कुठून बंद. लाइट गेल्यावर आणि नेट गेल्यावर तोच उपयोगी पडतो. कोविडच्या काळात अनेक दवाखान्यांत ऑक्सिजनच्या पाइपलाइनी घाईघाईनं टाकल्या गेल्या, तेव्हा दवाखान्यात ही नोंद सगळ्यात आधी. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा बाळं गेली, हे आपण विसरलेलो नाही. दवाखान्याची इमारत चुकली तर काय होतं, हे मनात ठेवून मापं घ्या.

सामान किती लागतं

यावर लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि उत्तर सगळ्यात छोटं आहे. लेझर मीटर, जो काही हजारांत मिळतो. चांगला कॅमेरा असलेला मोबाइल. टेप, टॉर्च, शिडी, खडू. लायडार असलेला आयफोन किंवा आयपॅड असेल तर खोल्या पटकन स्कॅन होतात, पण त्याची पोच पाच मीटरच्या आसपासच, त्यामुळे मोठ्या हॉलमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका आणि दर खोलीत दोन मापं लेझरनं तपासा. तीन-चार लाखांच्या वर जाणारा मोठा स्कॅनर पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. एखाद्या कामाला खरंच लागला तर भाड्यानं आणा आणि भाडं कोटेशनमध्ये धरा.

मॉडेलसाठी फ्रीकॅड आहे, ब्लेंडरवर चालणारं बोन्साय आहे. दोन्ही मोफत. महागडं सॉफ्टवेअर पायरेटेड टाकू नका, कंपनीच्या कामाला गेलात तर पहिल्याच चौकशीत अडकाल. एक गोष्ट अटीत लिहूनच द्या: मॉडेलची प्रत 'आयएफसी' या खुल्या फाइल-प्रकारात ग्राहकाला मिळेल. उद्या तुम्ही धंदा बंद केला तरी दुसऱ्या कुणाला ती उघडता आली पाहिजे. गिऱ्हाइकाला फाइलमध्ये अडकवून ठेवणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही त्यातले होऊ नका.

आता कोटेशन

समजा वीस खाटांचा दवाखाना, दोन मजले, सहा हजार चौरस फूट. हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. मापं: दोन माणसं, दोन दिवस, म्हणजे ४ मनुष्यदिवस. मॉडेल: ५. जुन्या माणसासोबत फिरून माहिती आणि स्टिकर: दोन माणसं तीन दिवस, ६. शेवटची तपासणी: १. एकूण १६. तुमचा एक दिवस १,२०० रुपयांना पडत असेल तर १९,२००. प्रवास, छपाई, स्टिकर, मामांची हजेरी मिळून २,५००. झाले २१,७००. पुन्हा करावं लागणाऱ्या कामासाठी १५ टक्के धरा, म्हणजे साधारण २५,०००. त्यावर २० टक्के नफा, ३०,०००.

बघा, मॉडेलला ५ दिवस आणि माहितीला ६. तुमच्या कोटेशनमध्ये हे उलटं येत असेल, मॉडेलला दहा आणि माहितीला दोन, तर तुम्ही पुन्हा चादरीला रंग देताय.

आणि खरा धंदा पुढे आहे. दर तीन महिन्यांनी एक फेरी: काय बदललं, कोणती भिंत हलली, कोणती मोटर नवी आली. दोन माणसं, वर्षात चार फेऱ्या, ८ दिवस. ऑफिसमध्ये बसून दुरुस्ती २ दिवस. १० गुणिले १,२०० म्हणजे १२,०००, प्रवासाचे १,०००, वर नफा धरून साधारण १६,००० वार्षिक करार. असे बारा ग्राहक झाले की वर्षाला १,९२,००० ठरलेले येतात आणि काम भरतं १२० मनुष्यदिवसांचं. दोघांमध्ये साठ-साठ दिवस. बाकी वर्ष नव्या ऑर्डरींना मोकळं.

करार न करता नुसतं मॉडेल विकू नका, असं मी व्हिडिओत म्हणालो तेव्हा काहींना ते लालचीपणाचं वाटलं. पण त्या रात्रीचं पार्टिशन आठवा. न बदललेलं मॉडेल सहा महिन्यांत खोटं बोलायला लागतं, आणि मॉडेल नसण्यापेक्षा ते जास्त धोक्याचं. माणूस त्याच्यावर विश्वास ठेवून चुकीच्या खोलीत पळतो.

कुठे थांबायचं

राज्याच्या आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे, ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांना वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, तेही मान्यताप्राप्त अभियंत्याकडून. यातलं एकही प्रमाणपत्र तुम्ही देऊ शकत नाही. "आम्ही ऑडिट पण करून देतो" असं तोंडातून जाऊ देऊ नका. तुम्ही एवढंच म्हणायचं: ऑडिटला माणूस येईल तेव्हा सिलिंडर किती, कुठे, कधी भरले, कोणत्या कॉलमला मागच्या वेळी तडा दिसला होता, हे एका यादीत तयार मिळेल. आणि डिसेंबर आणि जूनमध्ये आम्ही तुम्हाला आठवण करू. अनेक मालक या एका आठवणीसाठी पैसे देतात, बरं का.

वीज आणि ऑक्सिजनच्या कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही. फक्त नोंद. पॅनेल उघडायचं तर त्यांचा इलेक्ट्रिशियन उघडेल, तुम्ही फोटो काढाल. आणि इमारतीची माहिती ही मालकाची तिजोरी आहे असं समजा. कॅमेरे कुठे, कॅश काउंटरच्या मागचा दरवाजा कुठे, हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाता कामा नये. क्यूआर स्टिकर रस्त्यावरच्या माणसानं स्कॅन केलं तर काही उघडू नये, स्टाफच्या नंबरवरूनच उघडावं, ही सोय आधीच करा. जाहिरातीसाठी मॉडेलचा स्क्रीनशॉट टाकायचा असेल तर लेखी परवानगी घ्या.

गृहपाठ देतो. तुमच्या स्वतःच्या घरात किंवा दुकानात पाणी बंद करणारा मुख्य कॉक, विजेचा मेन स्विच आणि सांडपाण्याचं चेंबर या तीन जागा घरातल्या सगळ्यात लहान माणसाला दाखवायला सांगा. किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. मग ओळखीच्या एका शाळेत किंवा दवाखान्यात जाऊन तिथल्या मामांना हाच प्रश्न विचारा, आणि मामा सुट्टीवर असतील त्या दिवशी पुन्हा जाऊन दुसऱ्या कुणाला विचारा. हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून मालकासमोर ठेवा, मॉडेलचं नाव सुद्धा काढू नका.

पुढच्या गुरुवारच्या व्हिडिओत वार्षिक कराराचा मसुदा ओळीनं वाचू. त्या पोरीनं स्वतःचा करार दाखवायची तयारी दाखवली आहे, ग्राहकाचं नाव झाकून.